परदेशातल्या घड्याळाचे नियम बदलले की आपलं सॉफ्टवेअर कसं सांभाळायचं: डीएसटीचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, पाच जणांचं. काम बरंचसं शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांचं, म्हणजे कास्टिंग कुठवर आलंय, मशिनिंग झालं का, कंटेनर कधी लागणार हे सगळं त्यांच्या परदेशातल्या गिऱ्हाईकाला दिसावं आणि दर आठवड्याची मिटिंग आपोआप लागावी, असं सॉफ्टवेअर. काही वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सोमवारी रात्री आठला एका फौंड्रीच्या डिस्पॅच मॅनेजरचा फोन आला, "सर, आम्ही सगळी स्क्रीनसमोर बसलोय, तिकडनं कोण येईनाच झालंय." शिकागोची माणसं सातलाच येऊन, वाट बघून निघून गेली होती. आदल्या दिवशी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढं गेलेली (उन्हाळ्यापुरतं घड्याळ असं पुढं करायचं, यालाच डीएसटी म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात), शिकागोचे सकाळचे साडेआठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, आणि आमच्या डेटाबेसमधे मिटिंगची फक्त युटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली संदर्भ वेळ, होती.

मी काय केलं, तर त्या मिटिंगच्या पुढच्या सगळ्या ओळींतून एक तास वजा केला. त्या दिवशी फोन थांबला पण नोव्हेंबरमधे तेच उलट्या बाजूनं झालं, मग मी एक तास मिळवला. पुढं मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचं एक गिऱ्हाईक आलं आणि २०२२ च्या ऑक्टोबरमधे मेक्सिकोनं डीएसटीच बंद करून टाकलं, कायदा २८ तारखेला राजपत्रात आला आणि ३० ला लागू. तेव्हा कळलं की हे तासभर मिळवणं वजा करणं आयुष्यभर पुरायचं नाही, पायाच बदलायला पाहिजे. तो पाया कसा बदलला ते इथं सविस्तर लिहितोय, तुम्ही कुठल्याही भाषेत काम करत असाल तरी क्रम हाच.

मुळातली गोष्ट अशी आहे. पुढची मिटिंग ठरते तेव्हा दोन माणसं एकमेकांना शब्द देतात, "सोमवारी सकाळी साडेआठ, शिकागोचं घड्याळ." युटीसी हा त्या शब्दाचा, त्या दिवशी माहीत असलेल्या नियमानं काढलेला हिशोब. शब्द नीट जपून ठेवला तर नियम बदलल्यावर हिशोब परत काढता येतो, पण नुसता हिशोबच ठेवला आणि शब्द टाकून दिला तर मग काही करता येत नाही. "सगळं युटीसीत ठेवा" हा सल्ला आपण सगळे पाठ केलेला असतो. तो घडून गेलेल्या गोष्टींसाठी अगदी बरोबर आहे, पण पुढच्या वेळांसाठी तेवढ्यानं भागत नाही.

ऑफसेट आणि झोन यात घोळ करू नका

+५:३० हा ऑफसेट. "एशिया/कोलकाता" हा झोन. ऑफसेट म्हणजे एका क्षणी युटीसीपासून किती लांब, आणि झोन म्हणजे त्या भागातल्या घड्याळाचा सगळा इतिहास आणि आत्ता लागू असलेले पुढचे नियम. आपल्याकडं बाराही महिने +५:३० असल्यामुळं आपल्या पोरांना दोन्ही एकच वाटतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण शिकागोसाठी कुणीतरी -६ लिहून ठेवतो आणि मार्चमधे ते -५ होतं.

आणि तीन अक्षरी शॉर्टफॉर्म डेटाबेसमधे कधीच ठेवू नका. आयएसटी म्हणजे इंडिया, आयएसटी म्हणजे इस्राएल, आणि आयर्लंडवाले पण उन्हाळ्यातल्या वेळेला आयएसटीच म्हणतात. सीएसटी शिकागोचा पण आणि चीनचा पण. स्क्रीनवर दाखवायला ठीक आहे, साठवायला नाही.

झोनचं पूर्ण नाव ठेवायचं, "अमेरिका/शिकागो", "युरोप/बर्लिन" असं. ही नावं आणि नियम ज्या डेटाबेसमधून येतात त्याला टीझेडडेटा म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पॉल एगर्ट त्याची देखभाल करतात आणि २०११ पासून तो आयएएनए या इंटरनेटची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या संस्थेकडं आहे. व्हर्जनचं नाव म्हणजे वर्ष आणि एक अक्षर, २०२२एफ, २०२३सी असं. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, जाव्हा, पायथन सगळं शेवटी यावरच चालतं. विंडोजची नावं वेगळी असतात आणि त्यांचा मेळ घालायचा तक्ता युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पात मिळतो, तो हातानं बनवत बसू नका.

नियम बदलतात म्हणजे नक्की काय होतं

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. मावळतीचा सूर्य कुठल्या दिवशी कुठं असणार हे गणितानं निघतं, दहा वर्षांनंतरचं पण आज सांगता येतं. डीएसटी तसं गणितानं काढता येत नाही. ते सरकारं ठरवतात, त्यामुळं पुढच्या वर्षी काय असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

अमेरिकेनं २००५ च्या ऊर्जा कायद्यानं तारखा बदलल्या आणि त्या २००७ पासून लागू झाल्या, एप्रिलचा पहिला रविवार जाऊन मार्चचा दुसरा आला आणि ऑक्टोबरचा शेवटचा जाऊन नोव्हेंबरचा पहिला. तिथं निदान दीड वर्ष हातात होतं. ब्राझीलनं २०१९ ला डीएसटी सोडलं. जॉर्डन आणि सीरियानं २०२२ च्या ऑक्टोबरमधे कायमचं +३ केलं, घड्याळं मागं न्यायची तारीख काही आठवड्यांवर असताना. इजिप्तनं २०२३ ला बंद पडलेलं डीएसटी परत आणलं. कझाकस्ताननं १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाला एकच +५ दिलं, त्यात डीएसटीचा काही संबंधच नाही पण आपल्या सॉफ्टवेअरला त्रास तोच.

सगळ्यात शिकण्यासारखं लेबनॉनचं. २०२३ च्या मार्चमधे घड्याळं २६ तारखेला पुढं जायची होती, तीनच दिवस आधी सरकारनं सांगितलं की रमझान होईपर्यंत थांबा. टीझेडडेटावाल्यांनी त्याच दिवशी २०२३बी काढलं. पण देशातल्या चर्चनी आणि काही टीव्ही चॅनेलनी ऐकलंच नाही, त्यांनी ठरल्याप्रमाणं घड्याळं पुढं केली, आणि काही दिवस एकाच गावात दोन वेगवेगळ्या वेळा चालल्या. २७ ला सरकारनं निर्णय मागं घेतला आणि लगेच २०२३सी आलं, ज्यात लेबनॉनचा बदल काढून टाकला होता. ज्यांनी घाईनं २०२३बी टाकलं आणि मग विसरले, त्यांचं बैरूतचं घड्याळ तीन आठवडे चुकलं असणार. म्हणजे अपडेट टाकता येणं जेवढं गरजेचं तेवढंच पुढचं अपडेट लगेच परत टाकता येणं पण.

आणि "उन्हाळ्यात एक तास पुढं" हे सुद्धा गृहीत धरू नका. मोरोक्को २०१८ पासून वर्षभर +१ वर असतो आणि रमझानात घड्याळ मागं घेतो. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर डीएसटी अर्ध्याच तासाचं. सामोआत २०११ ची ३० डिसेंबर ही तारीखच आली नाही, गुरुवार संपून थेट शनिवार उजाडला.

पहिलं काम: नियम कुठं कुठं लपलेत ते शोधा

हे काम कंटाळवाणं आहे पण इथंच सगळ्यात जास्त सापडतं, म्हणून एक पूर्ण दिवस द्या. आम्ही एकाच सर्व्हरवर शोधलं तर टीझेडडेटाची तीन वेगवेगळी व्हर्जन निघाली.

ऑपरेटिंग सिस्टीमचा एक असतो, तो पॅकेज अपडेटमधून येतो. जाव्हा साधारणपणे त्याच्याकडं बघतच नाही, स्वतःच्या आत स्वतःची फाईल घेऊन फिरते, ती जेडीके अपडेट केल्यावर बदलते किंवा ओरॅकलच्या टीझेडअपडेटर टूलनं. पोस्टग्रेस कसं बिल्ड केलंय त्यावर अवलंबून, एकतर स्वतःचा डेटा वापरतं नाहीतर सिस्टीमचा. मायएसक्यूएलमधे झोनची टेबलं वेगळी भरावी लागतात, आणि भरली नसतील तर नावानं वेळ बदलायला गेलं की सरळ नल मिळतं, एरर पण येत नाही. नोडमधे आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचा डेटा आतच असतो. मोमेंट टाईमझोन ही जाव्हास्क्रिप्टची लायब्ररी वापरत असाल तर तुमच्या वेबपेजच्या बंडलमधे आणखी एक कॉपी. पायथनचं झोनइन्फो ३.९ पासून आहे, ते आधी सिस्टीमचा डेटा बघतं आणि तिथं नाही मिळाला तर पिपवरच्या टीझेडडेटा पॅकेजचा घेतं. आणि डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या फायलींसकट एका डब्यात बंद करून चालवायचं टूल)! दोन वर्षांपूर्वीची बेस इमेज पिन करून ठेवली असेल तर होस्ट कितीही अपडेट करा, आत दोन वर्षांपूर्वीचेच नियम. अल्पाइनच्या छोट्या इमेजमधे तर बऱ्याचदा टीझेडडेटा नसतोच.

शेवटी स्वतःच्या कोडमधे शोधा. "मार्च", "दुसरा रविवार", -५, -६, ३६००, १९८०० असे शब्द आणि आकडे टाकून सर्च मारा. (१९८०० म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद, आपल्याकडच्या कोडमधे हा आकडा हमखास सापडतो.) कुणीतरी कधीतरी स्वतःच डीएसटीचं गणित लिहिलेलं असतं. ते काढून टाका, त्याला दुरुस्त करत बसू नका.

आता प्रत्येक ठिकाणचा डेटा नवा की जुना हे कसं कळणार, कारण प्रत्येकजण व्हर्जन सांगेलच असं नाही. मी एक सोपी युक्ती करतो, त्या थरालाच (ओएस, जाव्हा, डेटाबेस, जो असेल तो) प्रश्न विचारायचा आणि उत्तरावरून ओळखायचं. मॉन्टेरेमधे १५ जुलै २०२३ ला दुपारी बाराला ऑफसेट किती? -५ आलं तर डेटा मेक्सिकोच्या बदलाआधीचा, -६ आलं तर नंतरचा. अल्माटीत १५ जुलै २०२४ ला? +६ म्हणजे जुना, +५ म्हणजे नवा. पॅराग्वेतल्या असुन्सिओनमधे १५ जुलै २०२५ ला? -४ म्हणजे जुना, -३ म्हणजे नवा, कारण त्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरपासून कायमचं -३ केलं. हे तीन प्रश्न ओएसला, जाव्हाला, डेटाबेसला, ब्राउजरला, सगळ्यांना विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा आणि ती रोज चालू द्या. दोन थरांची उत्तरं वेगळी आली की मेसेज यायला पाहिजे. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग या स्क्रिप्टचा झालाय.

दुसरं काम: टेबल बदला

घडून गेलेल्या गोष्टी, म्हणजे लॉग, पेमेंट, गाडी गेटमधून बाहेर पडली ती वेळ, या युटीसीतच ठेवा. जिथं घडलं त्या जागेचा झोन शेजारी ठेवला तर रिपोर्टला बरं पडतं.

पुढच्या गोष्टींसाठी चार कॉलम लागतात. एक, स्थानिक तारीख आणि वेळ, माणसानं सांगितली तशीच, "२०२६-०३-०९ ०८:३०", तिला कुठलाही ऑफसेट चिकटवायचा नाही. दोन, झोनचं नाव. तीन, त्यावरून काढलेली युटीसी वेळ, ही सॉर्टिंगसाठी आणि रिमाइंडर पाठवण्यासाठी, आणि ही फक्त काढलेली आहे, ती फेकून परत काढता येते हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. चार, टीझेडडेटाच्या कुठल्या व्हर्जननं ती काढली. चौथा कॉलम बरेच जण गाळतात आणि मग नियम बदलल्यावर कुठल्या ओळी जुन्या हिशोबाच्या आहेत ते कळायला मार्ग नसतो.

पोस्टग्रेसवाल्यांनी इथं जरा थांबा. "टाइमस्टँप विथ टाईमझोन" हे नाव फसवतं, तो प्रकार टाईमझोन साठवतच नाही, आत युटीसी ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या झोनमधे दाखवतो. म्हणून स्थानिक वेळेसाठी साधा टाइमस्टँप आणि झोनच्या नावासाठी वेगळा टेक्स्ट कॉलमच घ्या. मायएसक्यूएलमधे स्थानिक वेळेला डेटटाइम घ्या, टाइमस्टँप नको, कारण तो सेशनच्या झोनप्रमाणं बदलतो आणि त्याची धाव २०३८ पर्यंतच आहे.

आता मिटिंगचा मालक कोण हा प्रश्न विचारायलाच पाहिजे, आणि हा प्रश्न प्रोग्रॅमरनं सोडवायचा नाही, गिऱ्हाईकाला विचारायचा. कोल्हापूर, श्टुटगार्ट आणि शिकागो अशी तिघांची मिटिंग असेल तर २०२६ मधे अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला पुढं जातात आणि युरोपची २९ मार्चला, मधले तीन आठवडे नेहमीचं सात तासांचं अंतर सहा होतं. तिघांपैकी एकाचंच घड्याळ स्थिर राहणार. बहुतेक वेळा माल घेणाऱ्याचं घड्याळ धरतात, पण आमच्या एका कारखान्यात दुसरी शिफ्ट सुरू व्हायच्या आत मिटिंग संपली पाहिजे अशी अट होती, तिथं मालक कोल्हापूरचा झोन. स्क्रीनवर स्पष्ट लिहा, "ही मिटिंग शिकागोच्या घड्याळाप्रमाणं ठरलेली आहे." ही एक ओळ टाकल्यावर आमचे अर्धे फोन बंद झाले.

दर आठवड्याच्या मिटिंगसाठी नियम ठेवा, "दर सोमवारी ८:३०, अमेरिका/शिकागो", आणि त्यातून पुढच्या दोनतीन महिन्यांच्याच ओळी तयार करा. दहा वर्षांच्या ओळी आज तयार करून ठेवल्या तर त्या सगळ्या आजच्या नियमानं बांधल्या जातात.

आपल्या इंडियावाल्यांसाठी दोन खास खड्डे. क्रोमला युजरचा झोन विचारला की तो बऱ्याच वर्षांपासून "एशिया/कलकत्ता" असं जुनंच नाव देत आलाय आणि तुमच्या सर्व्हरवर "एशिया/कोलकाता" असतं, दोन्ही एकच आहेत पण नुसती अक्षरं जुळवली तर वेगळी निघतात, म्हणून साठवायच्या आधी नाव एकसारखं करून घ्या. दुसरा खड्डा पायथनच्या पायटीझेड या जुन्या लायब्ररीचा, तिथं झोन थेट रिप्लेसनं चिकटवला की +५:३० च्या जागी +५:५३ येतं. तो कलकत्त्याचा १८५४ च्या आधीचा स्थानिक काळ आहे, म्हणजे लायब्ररी यादीतली पहिलीच ओळ उचलते. लोकलाइझ वापरा, नाहीतर झोनइन्फोवर या, मी तर म्हणतो याच.

तिसरं काम: जी वेळ येतच नाही आणि जी दोनदा येते

८ मार्च २०२६ ला शिकागोत पहाटे २:३० वाजतच नाहीत, १:५९ नंतर थेट ३:००. १ नोव्हेंबर २०२६ ला पहाटेचे १:३० दोनदा वाजतात, पहिले वाजतात तेव्हा कोल्हापुरात दुपारचे बारा, दुसरे वाजतात तेव्हा दुपारचा एक. तुमच्या लायब्ररीनं अशा वेळी काय करायचं हे आधीच ठरवलेलं असतं, जाव्हा न येणारी वेळ पुढं ढकलते आणि दोनदा येणारीतली पहिली घेते, पायथनमधे फोल्ड नावाचा ० किंवा १ असतो, ० म्हणजे पहिली आणि १ म्हणजे दुसरी. पण ते तुम्हाला चालतं का ते तुम्ही ठरवा आणि लिहून ठेवा. आमचं असं ठरलंय: मिटिंग असेल तर युजरला विचारायचं, मशिनचा अलार्म असेल तर पुढं ढकलायचं, आणि पैशाचं काही असेल तर थांबून माणसाकडं पाठवायचं.

इजिप्तकडं मुद्दाम बघा. तिथं घड्याळ एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मध्यरात्री पुढं जातं, २०२६ मधे २४ एप्रिल. म्हणजे कैरोत त्या दिवशी ००:०० वाजतच नाहीत, दिवस १:०० ला सुरू होतो. तारखेला ००:०० चिकटवून "दिवसाची सुरुवात" काढणारा सगळा कोड तिथं मार खातो. दिवसाची सुरुवात विचारायचं फंक्शन लायब्ररीत असतं, तेच वापरा.

तसंच दिवस म्हणजे २४ तास हे सोडून द्या. उद्या याच वेळी म्हणजे २४ तास मिळवणं नव्हे, कॅलेंडरची तारीख एकनं वाढवणं. आणि किती तास झाले हे काढायचं असेल तर दोन्ही वेळा युटीसीत नेऊन वजाबाकी. परदेशातल्या गोडाऊनमधल्या रात्रपाळीचा पगार काढणारं सॉफ्टवेअर असेल तर मार्चमधली रात्र एक तासानं लहान आणि नोव्हेंबरमधली एक तासानं मोठी, माणसानं नऊ तास काम केलं आणि आपण आठ लावले तर त्याच्या खिशातून पैसे जातात, इथं हयगय करू नका.

चौथं काम: अपडेट आणि फेरहिशोब

टीझेडची अनाउन्समेंटची मेलिंग लिस्ट असते, तिच्यात वर्षाला मोजक्याच मेल येतात. एका माणसाच्या वैयक्तिक मेलवर नको, टीमच्या मेलवर लावा, कारण तो माणूस पुण्याला नोकरी घेऊन जातो आणि मेल त्याच्याबरोबर. मेल आली की बदललेल्या देशांत आपलं कुणी आहे का ते बघायचं. आहे, तर क्रम असा: टेस्ट सर्व्हरवर डेटा टाका, झेडडम्प कमांडनं त्या झोनच्या येत्या वर्षातल्या उड्या छापून सरकारच्या घोषणेशी ताडून बघा, मग लाइव्ह सर्व्हरवर, आणि मग चालू असलेल्या प्रोसेस रिस्टार्ट करा. रिस्टार्ट विसरतात लोक. जाव्हानं किंवा कुठल्याही लांब चालणाऱ्या प्रोसेसनं जुना डेटा मेमरीत धरून ठेवलेला असतो, डिस्कवर फाईल बदलली म्हणून तिला काही कळत नाही.

आता फेरहिशोब. मॉन्टेरेचं उदाहरण आकड्यांनिशी बघू. २०२२ च्या सप्टेंबरमधे कुणीतरी १७ एप्रिल २०२३ ची मिटिंग लावली, सकाळी नऊ, मॉन्टेरे. तेव्हाच्या नियमानं एप्रिलमधे -५, म्हणून युटीसी १४:००, कोल्हापुरात संध्याकाळी ७:३०. ऑक्टोबरमधे डीएसटी रद्द झालं, आता एप्रिलमधे पण -६, म्हणून खरी युटीसी १५:०० आणि कोल्हापुरात रात्री ८:३०. जुना १४:०० तसाच राहिला तर मॉन्टेरेच्या माणसाला सॉफ्टवेअर सकाळी आठ दाखवणार आणि तो म्हणणार मी तर नऊ सांगितलेले.

स्क्रिप्ट अशी लिहा की ती बदललेल्या झोनच्या, अजून न झालेल्या ओळीच उचलते, स्थानिक वेळ आणि झोनवरून युटीसी नव्यानं काढते, जुन्याशी तुलना करते, आणि फरक असेल तरच बदलते. पहिल्यांदा नुसती यादी छापा, काहीही न बदलता, आणि ती यादी डोळ्यांनी वाचा. फरक बरोबर एका तासाचा आणि त्याच महिन्यांतला पाहिजे, काही वेगळं दिसलं तर थांबा. मग बदला, जुनी किंमत वेगळ्या टेबलमधे जपा, व्हर्जनचा कॉलम भरा. ही स्क्रिप्ट दोनदा चालवली तरी दुसऱ्यांदा काहीच बदललं नाही पाहिजे, मी सुरुवातीला केलेल्या "एक तास वजा करा" मधे हीच गोम होती, ते दोनदा चालवलं की दोन तास जायचे.

ज्यांच्याकडं आत्ता फक्त युटीसी आहे आणि स्थानिक वेळ नाही त्यांनी नवा डेटा टाकायच्या आधी जुन्या नियमानं सगळ्या पुढच्या ओळींची स्थानिक वेळ काढून साठवून घ्यावी. क्रम चुकला तर मूळ शब्द काय होता ते परत मिळत नाही.

आणि लोकांना सांगा. बदललेल्या प्रत्येक मिटिंगसाठी आम्ही साधा मेसेज पाठवतो: "मेक्सिकोतल्या घड्याळाचा नियम बदललाय. तुमची सोमवारची मिटिंग मॉन्टेरेत पूर्वीसारखीच सकाळी ९ ला आहे, कोल्हापुरात ती आता ७:३० ऐवजी ८:३० ला होईल." ज्याचं घड्याळ बदलत नाही त्याला पण पाठवा, कारण त्यांच्या फोनमधल्या कॅलेंडरकडं अजून जुना नियम असू शकतो. कॅलेंडरची इनव्हाइट फाईल पाठवत असाल तर तिच्या आत झोनचे नियम स्वतंत्र लिहिलेले असतात, ती पण नव्यानं पाठवावी लागते.

क्रॉनबद्दल थोडक्यात

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम. सर्व्हरचा झोन युटीसी ठेवा आणि शक्य ती कामं युटीसीनं चालवा. ज्याला स्थानिक वेळ लागतेच, जसं "शिकागोच्या ऑफिसच्या सकाळी सहाला रिपोर्ट", त्याला झोन देता येणारा शेड्यूलर घ्या. कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबला आता झोन देता येतो. रात्री १ ते ३ मधे स्थानिक वेळेचं काम लावू नका, डेबियनचा क्रॉन हुकलेली कामं नंतर उरकायचा प्रयत्न करतो पण सगळे शेड्यूलर तसं करत नाहीत. आणि दोनदा चाललं तरी नुकसान होणार नाही असंच काम लिहा.

टेस्ट कुठल्या तारखांच्या लिहायच्या

शिकागो ८ मार्च आणि १ नोव्हेंबर २०२६, बर्लिन २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर २०२६, या चार दिवसांची प्रत्येकी आदला दिवस, तो दिवस, दुसरा दिवस. कैरो २४ एप्रिल २०२६ ची मध्यरात्र. लॉर्ड हाउ ऑक्टोबरचा पहिला रविवार. सामोआतल्या अपियासाठी ३० डिसेंबर २०११. मॉन्टेरे २०२२ चा जुलै आणि २०२३ चा जुलै, एका वर्षी -५ आणि दुसऱ्या वर्षी -६ आलं पाहिजे. टेस्ट चालवणाऱ्या मशिनचा स्वतःचा झोन बदलून पण एकदा चालवा, कारण आपले सगळ्यांचे लॅपटॉप +५:३० वर असतात आणि आपल्याकडं उडी नाहीच, त्यामुळं चुका लपून राहतात. आमच्या सीआय सर्व्हरवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) तीच टेस्ट कोलकाता, शिकागो आणि लॉर्ड हाउ अशा तीन झोनमधे चालते.

आणि आपल्याकडचं जुनं डीएसटी

परदेशी गिऱ्हाईक नाही म्हणून हे आपल्याला लागत नाही असं समजू नका. दुसऱ्या महायुद्धात भारतातलं घड्याळ पण तासभर पुढं होतं, टीझेडडेटात एशिया/कोलकाताला सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ +६:३० आहे, आणि त्याआधी १९४१ च्या ऑक्टोबरपासून १९४२ च्या मे महिन्यापर्यंत पण. त्याच्याही आधीपासून मुंबईची स्वतःची वेळ होती, युटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं, आणि शहरात ती १९५५ पर्यंत वापरात राहिली.

मंगळवार पेठेतल्या एका ज्योतिषीकाकांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर आमच्याकडं दुरुस्तीला आलं तेव्हा हे कामाला आलं. १९४३ चा जन्म, कागदावर सकाळचे ७:१०, सॉफ्टवेअरनं +५:३० धरून पत्रिका काढलेली. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, एका तासाच्या चुकीनं ती पुढच्या राशीत जाऊ शकते. काका म्हणाले, "आजोबांच्या वहीत युद्धाची वेळ असं बाजूला लिहिलंय बघ." वहीत खरंच शाईनं तेवढंच लिहिलं होतं. म्हणून आम्ही त्या काळातली तारीख टाकली की स्क्रीनवर एक प्रश्न यायची सोय केली, ही वेळ युद्धकाळातल्या घड्याळाची आहे, साध्या आयएसटीची की मुंबई वेळेची, आणि जे उत्तर येईल ते जन्मवेळेच्या शेजारच्या कॉलममधे साठवतो, मूळ ७:१० ला हात न लावता.